बुडी मारण्यापूर्वी फुंकायला शिका

विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीला कमरेला बांधलेला सुका भोपळा आठवत असेल. कुणाच्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका असे, तर कुणाच्या पाठीला झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा. साधन कोणतेही असो, काम एकच. पाण्यापेक्षा हलकी वस्तू अंगाला बांधली की ती अंगाला वर उचलून धरते आणि शिकणाऱ्याचे नाक-तोंड पाण्याबाहेर राहते.

आताची मुले समुद्रात बुडी मारायला जातात. दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली की आपल्या भागातून मालवण-तारकर्लीकडे गाड्या निघतात. पाठीवर टाकी बांधून पाण्याखालची प्रवाळे आणि रंगीत मासे पाहून आलेली मंडळी आता गावोगावी भेटतात. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. काही तरुण गोवा, कर्नाटकातील नेत्राणी बेट, अंदमान किंवा लक्षद्वीप येथे जाऊन रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करतात.

छंद उत्तम आहे. परंतु या छंदातले एक लहानसे कौशल्य बहुतेकजण परीक्षेपुरते शिकतात आणि नंतर विसरून जातात. ते म्हणजे अंगातले तरंगते जाकीट स्वतःच्या तोंडाने फुंकून फुगवणे. एरवी हे काम बोटाने एक बटण दाबले की होते. पण बटण चालत नाही तेव्हा माणसाजवळ उरतो तो त्याच्या छातीतला श्वास. तो जाकिटाला कसा द्यायचा आणि देताना स्वतःच्या फुप्फुसांना कसे जपायचे, हे आज पाहू.

पाठीवरच्या टाकीत काय असते?

प्रथम एक गैरसमज दूर करू. अनेकजण म्हणतात, पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर होता. पर्यटकांच्या टाकीत सहसा शुद्ध प्राणवायू नसतो. आपण इथे बसून घेतो तीच साधी हवा गाळून, कोरडी करून दाबून भरलेली असते. टाकीत मावेल जेमतेम ११-१२ लिटर पाणी, पण वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरल्यामुळे तिच्यात २२०० ते २४०० लिटर हवा बसते.

ही दाबलेली हवा पाण्याखाली श्वासायोग्य दाबाने तोंडात देणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. फ्रान्समधील झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली असे सोयीचे उपकरण सिद्ध केले आणि तेथून पाण्याखाली मोकळेपणाने फिरण्याचा हा छंद वाढला.

बुडी मारणाऱ्याच्या अंगावर आणखी दोन गोष्टी असतात. एक म्हणजे खाली जाता यावे म्हणून लावलेली शिशाची वजने. दुसरी म्हणजे जाकीट, ज्याला डायव्हर मंडळी बी.सी.डी. म्हणतात. जाकिटाच्या आत हवाबंद पिशवी असते. पिशवीत हवा भरली की माणूस वर येऊ लागतो, हवा सोडली की खाली जातो. हवा बरोबर बेताची असेल तर तो पाण्यात अधांतरी राहतो, वरही जात नाही आणि खालीही जात नाही. पृष्ठभागावर आल्यावर हेच जाकीट फुगवून त्याच्या आधाराने निवांत तरंगत राहायचे असते.

जाकिटाच्या डाव्या खांद्यावरून एक वळ्यावळ्यांची नळी पुढे येते. तिच्या टोकाला दोन बटणे आणि एक तोंडात धरायची तोटी असते. पहिले बटण दाबले की टाकीतली हवा जाकिटात शिरते. दुसरे बटण दाबले की नळीची झडप उघडते. नळी वर धरून हे बटण दाबले तर हवा बाहेर जाते, आणि तोटी तोंडात धरून दाबले तर फुंकलेली हवा आत जाते. आजचा आपला विषय या दुसऱ्या बटणाचा.

एकाच टाकीवर दोन कामे

जाकीट फुगवणारे पहिले बटण आणि श्वास देणारा रेग्युलेटर, दोघांनाही हवा मिळते ती एकाच टाकीतून. म्हणजे टाकी रिकामी झाली की श्वासही बंद आणि बटणही बंद. ज्या क्षणी तरंगण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच क्षणी तरंगवणारे यंत्र निकामी होते.

अमेरिकेतील डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ स्कूबा मृत्यूंचा अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या प्रकरणांत संकटाची सुरुवात कशाने झाली हे समजू शकले, त्यांपैकी ४१ टक्के प्रकरणांत टाकीतली हवा अपुरी पडली होती. अशा अपघातांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. माणूस सापडतो तेव्हा शिशाची वजने त्याच्या अंगावर तशीच असतात आणि जाकीट रिकामे असते.

असे का होते? समजा, हवा संपत आली म्हणून एखादा तरुण घाईने वर आला. तोंड पाण्याबाहेर आले, त्याला वाटले सुटलो. पण कमरेला शिसे आहे आणि पाठीवर टाकी आहे. तो बटण दाबतो, हवा येत नाही. तो पाय मारून वर राहण्याची धडपड करतो. लाट तोंडावर येते, ठसका लागतो, श्वास उथळ आणि जलद होतो. मिनिट-दोन मिनिटांत पाय गळून जातात. तळाशी न बुडालेला माणूस अशा रीतीने पृष्ठभागावर बुडतो. चार श्वास जाकिटात फुंकले असते, तर तो होडीची वाट पाहत स्वस्थ तरंगत राहिला असता.

टाकी रिकामी होण्याखेरीज आणखीही एक प्रसंग येतो. खाऱ्या पाण्याचे मीठ साचून किंवा वाळूचा कण अडकून पहिले बटण आतच रुतून बसते आणि हवा न थांबता जाकिटात भरत राहते. मग माणूस बाटलीच्या बुचासारखा वर उसळू लागतो. अशा वेळी हवा सोडत राहून टाकीकडून जाकिटाकडे येणारी बारीक नळी हाताने सोडवून टाकावी लागते. ती सोडवल्यावर बटणाचा उपयोग संपला. त्यापुढे जाकिटात हवा भरायची ती तोंडानेच.

उच्छ्वास चालतो का?

कुणी विचारेल, आपण सोडलेली हवा तर वापरलेली, ती काय कामाची? श्वासात घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि सोडलेल्या हवेत १६ ते १७ टक्के. कार्बन डायऑक्साइड मात्र वाढून ४ टक्क्यांच्या आसपास जातो. परंतु तरंगण्याच्या दृष्टीने या फरकाला काही अर्थ नाही. एक लिटर हवेने एक लिटर पाणी बाजूला सारले की साधारण एक किलोचा आधार मिळतो. समुद्राचे पाणी खारट असल्याने तो किंचित जास्तच मिळतो.

आता हिशोब करा. प्रौढ माणसाचे डोके सुमारे ४ ते ५ किलो वजनाचे असते. ते पाण्याबाहेर राहावे यासाठी साधारण तेवढाच जादा आधार लागतो. निरोगी माणूस खोल श्वास घेऊन एका फुंकीत दोन-अडीच लिटर हवा सहज देऊ शकतो. म्हणजे दोन-तीन फुंकींत डोके वर राहते आणि चार-पाच फुंकींत चांगला आधार मिळतो. जाकीट पूर्ण फुगवण्याची गरज नसते. उलट फार फुगवले तर ते छातीला आवळते आणि श्वास घेणे अवघड जाते.

पृष्ठभागावर कसे फुंकावे?

ही कृती आधी उथळ पाण्यात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकावी. वाचून थेट खोल समुद्रात करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे. क्रम असा आहे :

१. डाव्या हातात जाकिटाच्या नळीचे टोक घट्ट धरा. अंगठा किंवा बोट दुसऱ्या बटणावर असू द्या. कोणते बटण कोणते, हे न पाहता बोटाला ओळखता आले पाहिजे.

२. पाय सावकाश मारत तोंड पाण्याबाहेर काढा आणि खोल श्वास घ्या. टाकीत हवा असेल तर रेग्युलेटरमधूनच श्वास घ्या, म्हणजे लाटेचे पाणी तोंडात जाणार नाही.

३. रेग्युलेटर उजव्या हाताने काढा, तोटी ओठांत धरा. प्रथम हलकी फुंकर मारून तोटीतले पाणी काढून टाका. मग बटण दाबा आणि संथपणे फुंका.

४. फुंकताना डोके थोडे पाण्यात गेले तरी जाऊ द्या. वर राहण्याचा अट्टहास केला तर पाय लवकर थकतात. श्वास वर घ्यायचा, फुंकताना किंचित खाली जायचे, अशी लय धरावी.

५. फुंकून झाले की आधी बटण सोडा, मग तोंड काढा. हा क्रम चुकला तर भरलेली हवा परत निघून जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

६. छातीतला सगळा श्वास फुंकून टाकू नका. थोडा शिल्लक ठेवा. रेग्युलेटर पुन्हा तोंडात घेतल्यावर त्यात शिरलेले पाणी याच शिल्लक श्वासाने फुंकून काढायचे असते.

हे सारे तीन-चार वेळा केले की जाकीट तुम्हाला धरून ठेवील. घाईघाईने धापा टाकत फुंकू नये. सलग जोरजोराने फुंकल्यास चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. चुलीत फुंकणी मारताना गृहिणींना हा अनुभव असतो. दोन फुंकींच्या मध्ये एखादा साधा श्वास घ्यावा.

धाप लागल्यामुळे फुंकता येतच नसेल, तर वेळ घालवू नका. शिशाच्या वजनांची कडी ओढा आणि वजने समुद्रात जाऊ द्या. अंग लगेच हलके होते. वजनांचे पैसे भरावे लागतील, हा विचार त्या वेळी मनात येता कामा नये. शिसे बाजारात पुन्हा मिळते.

श्वास रोखू नका

आता या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय भाग. तोंडाने जाकीट फुगवण्याचा सराव पाण्याखालीही करवून घेतात. तेथे रेग्युलेटर तोंडातून काढावा लागतो. तोंडात नळी नाही म्हटल्यावर माणूस स्वाभाविकपणे श्वास रोखून धरतो. आपल्या लहानपणापासून पाण्यात हीच सवय असते. विहिरीत बुडी मारणाऱ्याला तिने काही इजा होत नाही. टाकीतली हवा घेणाऱ्याला मात्र ती जीवघेणी ठरू शकते.

कारण असे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलेला नियम शाळेत आपण शिकलो आहोत. दाब वाढला की हवेचे आकारमान कमी होते, दाब कमी झाला की वाढते. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतो. समुद्रात १० मीटर खाली तो दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. विहिरीत बुडी मारणारा वरून श्वास घेऊन जातो. खाली ती हवा आकसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. टाकीवाल्याचे तसे नसते. त्याने १० मीटर खोलीवर छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून वर आला, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते.

मग फुप्फुसातील नाजूक पडदे फाटतात. हवा छातीच्या पोकळीत शिरली तर फुप्फुस मिटते आणि धाप लागते. मानेच्या कातडीखाली शिरली तर तेथे हात लावल्यावर चुरचुर जाणवते. आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूकडे गेले तर शुद्ध हरपते, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी मृत्यू येतो. हे घडायला फार खोली लागते असेही नाही. छाती पूर्ण भरलेली असताना श्वास रोखून साधारण सव्वा मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणजे पुरुषभर पाण्याचा तलावसुद्धा या बाबतीत निर्धोक नाही.

म्हणून नियम असा : पाण्याखाली रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हा ओठांतून बारीक बुडबुडे सतत सोडत राहावे. जाकिटात फुंकत असताना श्वास बाहेर जातच असतो. पण रेग्युलेटर काढल्यापासून तोटी तोंडात येईपर्यंत आणि तोटी सोडल्यापासून रेग्युलेटर परत घेईपर्यंतचे जे दोन-तीन सेकंद असतात, त्यांत बुडबुडे थांबू देऊ नयेत.

दुसरी दक्षता जाकिटाची. बॉइलचा नियम पिशवीतल्या हवेलाही लागू आहे. तळाशी असताना जाकीट भरपूर फुंकून त्याच्या जोरावर वर येण्याचा विचार करू नये. वर येताना ती हवा फुगत जाते, जाकीट अधिकाधिक वेगाने वर ओढते आणि वेग हाताबाहेर जातो. पाण्याखाली फुंकायचे ते थोडेथोडे, अधांतरी राहण्यापुरते. वर येताना मात्र जाकिटातली हवा सोडत सोडत, मिनिटाला ९-१० मीटरहून जास्त नाही अशा संथ गतीने यावे. जाकिटाला भरपूर हवा द्यायची ती पृष्ठभागावर आल्यानंतर.

वर आल्यावर कुणाला छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, बोलण्यात अडखळणे, हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा, दिसण्यात फरक, भोवळ यांपैकी काहीही झाले, तर पाणी लागले असेल, उन्हाचा त्रास असेल असे म्हणून थांबू नये. रुग्णाला आडवे झोपवावे, उठवून चालवू नये, शुद्ध प्राणवायू द्यावा आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. टाकी लावून पाण्याखाली गेला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा रुग्णाला पुन्हा दाबाच्या खोलीत ठेवून उपचार करावे लागतात आणि त्यात उशीर परवडत नाही.

जाकिटातली हवा ओढू नका

जाकिटात हवा आहे आणि टाकी संपली आहे, मग तीच हवा श्वासात घेतली तर? ही कल्पना काहींच्या डोक्यात येते. ती धोक्याची आहे. एक तर त्या पिशवीत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त अशी उच्छ्वासाची हवा असू शकते. दुसरे, पिशवीत थोडेफार समुद्राचे पाणी नेहमीच शिरलेले असते. ते श्वासाबरोबर आत गेले तर घशाला आकडी येते. तिसरे कारण आरोग्याचे. ओलसर, अंधारी, बंद पिशवी म्हणजे बुरशी आणि जंतूंचे आवडते घर. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी कशी येते ते आपण पाहतो. तसलीच वाढ पिशवीत झाली आणि ती श्वासाने फुप्फुसात ओढली गेली, तर न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. म्हणून या तोटीत फक्त फुंकावे, तिच्यातून कधीही ओढू नये.

जाकीट स्वतःचे असो वा भाड्याचे, वापरानंतर नळीतून गोडे पाणी आत भरून खळखळून काढावे. मग अर्धवट फुगवून सावलीत वाळत टांगावे. मीठ धुऊन निघाले की बटणेही रुतत नाहीत. तोटी अनेकांच्या तोंडात गेलेली असते. वापरण्यापूर्वी ती जंतुनाशकाने धुतली आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. ओठावर ज्वराचे फोड किंवा तोंडात जखम असेल तर तो दिवस विश्रांतीचा समजावा.

कोणी जपावे?

पाण्यात उतरल्यावर पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील बरेच रक्त छातीकडे सरकते. हृदयाला जास्त काम पडते. त्यातच लाटांशी झगडत फुंकायची वेळ आली तर ताण आणखी वाढतो. वर सांगितलेल्या अभ्यासातही इजेचे कारण समजू शकलेल्या मृत्यूंपैकी सुमारे चौथा हिस्सा हृदयविकाराशी संबंधित होता. चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. सोपी कसोटी म्हणजे, दोन मजले न थांबता चढल्यावर तुम्हाला सलग बोलता येते का? येत नसेल तर समुद्रात उतरण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

ज्यांना दमा असून तो आटोक्यात नाही, फिट्स येतात, पूर्वी आपोआप फुप्फुस मिटले होते, छातीचे किंवा कानाचे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय टाकी लावू नये. गरोदर स्त्रियांनी हा खेळ टाळावा. साधी सर्दी असली तरी बेत पुढे ढकलावा. आरोग्याचा जो फॉर्म भरून घेतात, त्यात खरी माहिती द्यावी. 'नाही, नाही' अशा खुणा करून तो पुढे सरकवण्यात आपलाच तोटा आहे.

सहलीला जाणाऱ्यांनी काय विचारावे?

मालवणला एकदाच हौसेने बुडी मारणाऱ्या पर्यटकाला प्रशिक्षक सतत धरून असतो. जाकीट सांभाळण्याचे काम त्याचेच. तरीही पाण्यात उतरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माझ्या अंगावर तरंगण्याचे साधन आहे का, आणि नसेल तर ते कुणाजवळ आहे? ते तोंडाने कोठून फुगवतात? वजने कशी सोडायची? होडीवर प्राणवायूची सोय आहे का? जाणकार प्रशिक्षक ही उत्तरे आनंदाने देईल आणि हात लावून दाखवील. हसून टाळणाऱ्याकडे पैसे देऊ नयेत.

ज्या तरुणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांनी प्रत्येक सहलीच्या पहिल्या दिवशी उथळ पाण्यात तीन फुंका जाकिटात मारून पाहाव्यात. दोन मिनिटांचे काम आहे. नळीचे टोक हाताला लगेच सापडते का, झडप मोकळी आहे का, पिशवी कोठे गळते का, हे सारे त्यातून कळते. बरोबरच्या जोडीदाराच्या जाकिटाची बटणेही पाहून ठेवावीत. तो बेशुद्ध झाला तर त्याचे जाकीट तुम्हालाच फुगवायचे आहे.

विमानातही तीच नळी

ज्यांना बुडी मारायचीच नाही, त्यांनाही ही माहिती उपयोगी आहे. विमानात आसनाखाली जे पिवळे जाकीट असते, त्याची दोरी ओढल्यावर ते आपोआप फुगते. न फुगल्यास खांद्याजवळच्या नळीत तोंडाने फुंकायचे असते. हवाईसुंदरी हे दाखवत असते तेव्हा आपण खिडकीबाहेर पाहत असतो. त्याच वेळी ती आणखी एक सूचना देते, की जाकीट विमानाच्या दारातून बाहेर पडतानाच फुगवावे. नोव्हेंबर १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले. त्यातील १७५ जणांपैकी १२५ जण मरण पावले. काही प्रवाशांनी आतच जाकिटे फुगवली होती. पाणी शिरताच ते तरंगून छताला टेकले आणि खाली बुडी मारून दारापर्यंत जाणे त्यांना जमले नाही. साधन तेच, फुंकणेही तेच, पण ते केव्हा करायचे हे आधी माहीत असावे लागते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. जाकिटात फुंकण्याचेही तसेच आहे. लाटांत धाप लागलेली असताना कोणते बटण दाबायचे आणि आधी काय सोडायचे, हे कुणालाही आठवत नाही. हाताला सवय असेल तर हात ते आपोआप करतो. यंदा सुटीत आपल्या घरातील कुणी समुद्रात बुडी मारायला निघाले, तर डबा-पिशवी भरून देताना त्याला एवढे जरूर विचारा, "बटण चालले नाही, तर जाकीट तोंडाने फुगवता येते ना?"